माकूळ आणि अष्टपाद: वर्षभराच्या आयुष्याची मासेमारी सांभाळायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माकूळ, माणकी, कलमारी, कटलफिश, अष्टपाद... नक्की कोण कोण?

सगळी एकाच घरातली भावंडं. लांबट नळीसारखं अंग आणि टोकाला दोन पंख, ते स्क्विड. कोकणातल्या बंदरांवर त्याला माकूळ किंवा म्हाकूळ म्हणतात, गोव्यात माणकी, आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर तेच कलमारी होऊन दुप्पट भावाने येतं. रुंद, चपट अंगाचं आणि पाठीत पांढरी ठिसूळ ढाल असलेलं ते कटलफिश. ही ढाल किनाऱ्यावर वाहून येते, समुद्रफेस म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात जाते आणि पोपटाच्या पिंजऱ्यातही टांगली जाते. आपल्याकडे कटलफिशलाही बरेचदा माकूळच म्हणतात, त्यामुळे बाजारातल्या गप्पांत दोघांची सरमिसळ होते. ऑक्टोपस म्हणजे अष्टपाद, आठ पायांचा, अंगात हाड नाही. शास्त्रात या तिघांना मिळून शीर्षपाद म्हणतात. मासळीच्या टोपलीत असले तरी हे मासे नव्हेत, शंख-शिंपल्यांचे नातलग आहेत. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं त्यांच्या आयुष्याच्या लांबीवर अवलंबून आहे, आणि बहुतेकांची ती लांबी जेमतेम एक वर्षाची.

जगात यांची मासेमारी वाढते आहे की घटते आहे?

अनेक दशकं चढती होती. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१४ साली शीर्षपादांची पकड सुमारे ४९ लाख टनांवर पोचली, तोवरचा तो उच्चांक होता. २०१७ आणि २०१८ मध्ये ती ३६ लाख टनांच्या आसपास आली. यातला सिंहाचा वाटा स्क्विडचा. अष्टपाद जगभरातून मिळून साडेतीन-चार लाख टन.

पण या एकूण आकड्यावरून फार काही कळत नाही, कारण जगाची स्क्विड-पकड मोजक्या तीन-चार जातींवर उभी आहे: पेरू-चिलीचं जंबो स्क्विड, अर्जेंटिनाच्या किनाऱ्याचं आखूड पंखांचं इलेक्स, जपानचं सुरुमेइका. अर्जेंटिनाचं इलेक्स २०१५ मध्ये सुमारे १० लाख टन मिळालं. २०१६ मध्ये दीड लाख टनही नाही. एका वर्षात! बांगड्याच्या किंवा तारलीच्या चढउताराची सवय असलेल्या आपल्यालाही हा उतार चक्रावून टाकणारा आहे.

समुद्रात यांची संख्या वाढते आहे, मोठे मासे संपले म्हणून यांचं राज्य आलं, असं वाचलं. खरं आहे का?

२०१६ मध्ये एक अभ्यास गाजला. १९५३ ते २०१३ या काळातल्या ३५ जाती-प्रजातींच्या नोंदी तपासून संशोधकांनी म्हटलं की साठ वर्षांत शीर्षपाद जगभर वाढले आहेत. कारणं पटण्यासारखी होती: त्यांना खाणारे मोठे मासे आपण काढून टाकले, पाणी तापलं, आणि भराभर वाढून लवकर पिलं घालणाऱ्या प्राण्याला बदल लवकर पचतो.

माझं मत विचाराल तर त्या अभ्यासापेक्षा त्याचे मथळे जास्त वाचले गेले. 'माकूळ वाढतंय' याचा अर्थ 'कितीही मारा' असा लावणं सोयीचं होतं, आणि तो लावला गेला. पण आकडे २०१३ ला थांबले, आणि २०१४ नंतर जगाची पकड घसरली. जपानचं सुरुमेइका तर अक्षरशः कोसळलं. ज्या गुणामुळे हा प्राणी झपाट्याने वाढतो, त्याच गुणामुळे तो झपाट्याने नाहीसाही होतो.

इतर मासळीसारखा वार्षिक कोटा ठरवला की झालं, यात अवघड काय?

एक उदाहरण घेऊ. कॉड मासा दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. समुद्रात एकाच वेळी त्याच्या अनेक वर्षांच्या पिढ्या असतात. एखाद्या साली पिलं कमी जगली तरी मागच्या सालांची मोठी मासळी अंडी घालायला असते. म्हणून मागच्या वर्षीचे आकडे पाहून पुढच्या वर्षीचा कोटा काढता येतो.

माकुळाचं तसं नाही. बहुतेक जाती वर्षभर जगतात, एकदाच अंडी घालतात आणि मरतात. अष्टपादाची मादी अंड्यांवर बसून राहते, त्यांच्यावर पाणी फिरवत राहते, खाणं सोडते आणि पिलं बाहेर पडता पडता संपते. म्हणजे यंदा समुद्रात जे आहे ते सगळं यंदाचंच. मागची शिल्लक शून्य.

भाताची शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कणगीतलं सगळं विकून टाकलं तर पुढच्या मृगाला पेरायला बियाणं नाही. आणि बियाणं राखलं तरी पाऊस लागेल तसंच पीक येणार. माकुळाच्या बाबतीत पाऊस म्हणजे समुद्राचं तापमान, प्रवाह आणि पिलांना मिळणारं खाणं. त्यावर आपला हात नाही. बियाण्यावर आहे. म्हणून इथे कळीचा प्रश्न 'किती टन पकडायचं' हा नसून 'अंडी घालायला किती शिल्लक सोडायचं' हा आहे.

हे कोणी नीट करून दाखवलं आहे का?

सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलेलं उदाहरण फॉकलंड बेटांचं. दक्षिण अटलांटिकमधली ही बेटं आपल्याला १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धामुळे ठाऊक. युद्धानंतर तिथे लोकर आणि मेंढ्या सोडून फारसं काही नव्हतं, पण बेटांभोवतीच्या पाण्यात परदेशी बोटींची जत्रा लागलेली असे. ऑक्टोबर १९८६ मध्ये बेटांभोवती सुमारे १५० सागरी मैलांचं मासेमारी संवर्धन क्षेत्र जाहीर झालं आणि १९८७ च्या सुरुवातीपासून आत मासेमारी करायला परवाना लागू लागला. परवान्यांच्या पैशाने बेटांचं नशीब पालटलं. शाळा, रस्ते, दवाखाने माकुळाच्या जिवावर उभे राहिले म्हटलं तरी चालेल.

तिथे दोन जाती मिळतात. इलेक्स, ज्याला रात्री दिव्यांच्या उजेडात गळ लावून धरतात, आणि छोटं पाटागोनियन स्क्विड, जे ट्रॉलर, म्हणजे मागे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटी, पकडतात. हंगामाच्या आधी किती माल आहे हे नक्की कळत नाही, म्हणून मोजणी हंगाम चालू असतानाच करायची असं ठरलं. प्रत्येक परवानाधारक बोट रोजची पकड कळवते आणि काही बोटींवर निरीक्षक असतात.

मोजणीची युक्ती सोपी आहे, म्हणून सांगतो. समजा पहिल्या दिवसांत प्रत्येक बोटीला रोज सरासरी २० टन मिळत होते. सगळ्या बोटींनी मिळून १०,००० टन काढल्यावर तीच सरासरी १५ टनांवर आली. म्हणजे पाण्यातला माल पाव भागाने कमी झाला. पाव भाग म्हणजे १०,००० टन, तर मुळात ४०,००० टन होते. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी. खऱ्या हिशेबात नैसर्गिक मरण आणि नव्याने येणाऱ्या झुंडीही धराव्या लागतात, आणि डोकेदुखी तिथेच असते.) सुरुवातीला नियम असा होता की मासेमारी झालीच नसती तर जेवढी माकुळं अंडी घालेपर्यंत जगली असती, त्यांच्या निदान ४० टक्के वाचली पाहिजेत. पुढे पाटागोनियन स्क्विडसाठी १०,००० टन एवढं किमान बियाणं शिल्लक राहायलाच हवं असा उंबरठा ठरवला. आकडा त्याच्याकडे सरकू लागला की तारीख न पाहता हंगाम बंद.

ट्रॉलरच्या मालकाला हे किती झोंबत असेल याची कल्पना करा. बोट रोज भरतेय, बर्फ आहे, डिझेल आहे, आणि कोणीतरी आकडेमोड करून सांगतं, आता पुरे.

एवढं काटेकोर काम असताना २०२४ चा हंगाम रद्द का झाला?

पाटागोनियन स्क्विडचे तिथे वर्षाला दोन हंगाम असतात. २०२४ चा दुसरा हंगाम सुरूच झाला नाही, कारण हंगामापूर्वीच्या पाहणीत माल पुरेसा दिसला नाही. यावरून 'पद्धत फसली' असं म्हणणारे भेटतात. मला उलटं वाटतं. पीक बुडालं ते समुद्रामुळे. उरलेलं बियाणंही ओढून नेलं नाही, हे पद्धतीमुळे. बेटांच्या तिजोरीला आणि बोटवाल्यांना चटका बसला हे मात्र खरं, आणि एकाच प्राण्यावर अर्थव्यवस्था उभी करण्यातली जोखीम त्यात उघडी पडली.

'मैल २०१' हे काय प्रकरण आहे?

प्रत्येक देशाचा मासेमारीवरचा हक्क किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत. त्याच्या एक मैल पुढे कोणाचंच राज्य नाही. अर्जेंटिनासमोर उथळ समुद्रतळाचा पट्टा काही ठिकाणी त्या रेषेच्याही बाहेर जातो आणि इलेक्सच्या झुंडींना नकाशा वाचता येत नाही. त्या रेषेच्या बाहेर दरवर्षी शेकडो बोटी उभ्या राहतात, बहुतेक चीनच्या, शिवाय तैवान, दक्षिण कोरिया आणि स्पेनच्या. रात्री त्यांचे दिवे उपग्रहाच्या छायाचित्रात एखाद्या शहरासारखे चमकतात, जिथे शहर असण्याचं कारणच नाही.

अंधारात उजेड पाहून माकुळाचं खाणं, म्हणजे छोटे मासे आणि झिंगे, वर येतं. माकूळ बोटीच्या सावलीत दबा धरून असतं आणि सावलीतून उजेडात झेप घेतं. तिथे खालीवर नाचणारे गळ असतात.

या खुल्या पाण्यात स्क्विडसाठी कोणतीही प्रादेशिक व्यवस्थापन संस्था नाही. १९९० मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिनाने मिळून दक्षिण अटलांटिक मत्स्य आयोग काढला होता, आकड्यांची देवाणघेवाणही होत असे. २००५ मध्ये अर्जेंटिना त्यातून बाहेर पडली. बेटं कोणाची, हा वाद आड आला. त्यामुळे एकच झुंड अर्जेंटिनाच्या पाण्यात, खुल्या समुद्रात आणि फॉकलंडच्या पाण्यात तीन वेगळ्या नियमांनी मारली जाते. फॉकलंडने ४० टक्के सोडले आणि बाहेरच्याने तेच उचलले, तर हिशेब कोणाचा धरायचा? मार्च २०१६ मध्ये अर्जेंटिनाच्या तटरक्षकांनी एका चिनी बोटीवर गोळीबार केला आणि ती बुडाली, खलाशी वाचले. वाद किती ताणला गेला आहे ते यावरून दिसतं.

चीनने स्वतःहून बंदी घातली आहे, ती खरी की दिखाऊ?

२०२० पासून चीनने आपल्या बोटींना खुल्या समुद्रातल्या दोन पट्ट्यांत ठरावीक महिने स्क्विड पकडायला मनाई केली आहे: नैऋत्य अटलांटिकमध्ये जुलै ते सप्टेंबर, पूर्व पॅसिफिकमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर. पाऊल योग्य दिशेचं आहे. पण इलेक्सचा खरा हंगाम वर्षाच्या पहिल्या सहामाहीत असतो. जुलैपर्यंत बहुतेक बोटी तिथून तशाही निघालेल्या असतात. गणपती झाल्यावर मूर्तीची ऑर्डर बंद करण्यासारखं ते आहे, असं म्हटलं तर थोडं कडू होईल, पण फार चूक नाही.

जपानमध्ये एवढी ओढाताण का? तिथे तर नियम कडक आहेत.

जपानने १९९८ पासून सुरुमेइकासाठी एकूण पकडीची मर्यादा ठेवली आहे. २०१० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन लाख टनांच्या वर मिळणारं हे स्क्विड दहा-बारा वर्षांत २०-३० हजार टनांवर आलं. माकुळासाठी प्रसिद्ध हाकोदाते शहरात बाहेरून माल मागवायची पाळी आली.

कारणं दोन, आणि दोन्ही एकदम लागू झाली. पहिलं समुद्राचं. मादी जवळपास ८० सेंटिमीटर व्यासाचा जेलीसारखा गोळा सोडते, त्यात दोन लाखांपर्यंत अंडी असू शकतात, आणि तो गोळा पाण्यात मधल्या थरावर तरंगत राहतो. त्या थराचं तापमान ठरावीक पट्ट्यात असेल तरच पिलं जगतात. पूर्व चीन समुद्रातल्या अंडी घालण्याच्या जागी हे गणित बिघडलं. दुसरं कारण माणसांचं. उपग्रहांच्या मदतीने २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की २०१७ मध्ये ९०० हून जास्त आणि २०१८ मध्ये सुमारे ७०० चिनी बोटी उत्तर कोरियाच्या पाण्यात होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे तिथे परदेशी बोटींना मासेमारीची मुभाच नव्हती. अंदाजे १ लाख ६० हजार टनांहून जास्त स्क्विड त्यांनी नेलं. जपानने आपल्या वाट्याची मर्यादा कितीही पाळली तरी अशा चोरवाटेपुढे ती अपुरी पडणार.

पेरू आणि चिलीत काय चालतं?

तिथलं जंबो स्क्विड पन्नास किलोपर्यंत वाढू शकतं. पेरूत त्याला पोता म्हणतात, चिलीत हिबिया. पेरूत ते छोट्या लाकडी बोटींवरच्या मच्छीमारांचं पीक आहे. त्यामुळे भरघोस वर्षी बंदरं गजबजतात आणि पडत्या वर्षी घरोघरी चूल मंदावते. चिलीने २०१९ मध्ये कायदा करून हिबिया फक्त गळानेच पकडायचं ठरवलं, ट्रॉलला मनाई केली. खुल्या समुद्रासाठी दक्षिण पॅसिफिकची प्रादेशिक संस्था आहे आणि तिने बोटींच्या संख्येवर मर्यादा आणायला सुरुवात केली आहे. अटलांटिकपेक्षा एवढं तरी बरं. बाकी एल निन्यो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याचा फेरा, आला की तिथले सगळे अंदाज पाण्यात जातात. २००९-१० च्या एल निन्योनंतर कॅलिफोर्नियाच्या आखातातलं हेच जंबो स्क्विड अगदी लहान आकारातच वयात येऊ लागलं.

अष्टपादाला स्क्विडचीच पद्धत लावायची का?

नाही, आणि मला तरी अष्टपादाची गोष्ट जास्त भावते. स्क्विड हजारो मैल फिरतं. खडकातला अष्टपाद आपल्या बिळापासून फार लांब जात नाही. म्हणजे गावाने आपल्या दारचा खडक राखला तर फायदा गावालाच मिळतो. शेजाऱ्याने मधेच येऊन नेलं नाही तर.

मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका नावाचं वेझो मच्छीमारांचं गाव आहे. तिथे बायका ओहोटीला खडकांवर चालत जाऊन भाल्याने अष्टपाद मारतात. निर्यातीचे व्यापारी आल्यावर मारा वाढला आणि वजन घटलं. २००४ मध्ये गावाने एका परदेशी संवर्धन संस्थेच्या मदतीने खडकाचा एक तुकडा सुमारे सात महिने बंद ठेवला. अष्टपाद पहिल्या महिन्यांत इतक्या वेगाने वजन घेतो की नुसतं थांबलं तरी भांडवल दुप्पट होतं. खडक उघडला तेव्हा मोठमोठे अष्टपाद मिळाले आणि बातमी गावोगाव गेली. पुढे ३६ बंदींच्या नोंदी तपासलेल्या एका अभ्यासात दिसलं की बंदी उठल्यानंतरच्या महिन्यात त्या जागेवरची पकड आधीच्या सातपटींहून जास्त वाढली होती, आणि बंदीच्या काळात गावाचं उत्पन्न फारसं घटलंही नव्हतं, कारण बंद ठेवला होता तो फक्त एक तुकडा.

याला दुसरी बाजूही आहे. उघडण्याच्या दिवशी आसपासच्या गावांतून माणसं लोटतात आणि महिन्यांची बचत दोन-तीन ओहोट्यांत संपू शकते. त्यामुळे कोणी, किती, कोणत्या दिवशी यायचं, हे ठरवणं बंदीपेक्षा कठीण ठरलं. मादागास्करमध्ये ३५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा अष्टपाद घ्यायचा नाही असाही नियम आहे, आणि तो खरेदीदाराच्या तराजूवर पाळला जातो तेव्हाच टिकतो.

मोठ्या प्रमाणावरची अष्टपाद मासेमारी कुठे आहे?

वायव्य आफ्रिकेत, मोरोक्को आणि मॉरिटानियासमोर. मोरोक्कोत २००० च्या आसपास पकड एक लाख टनांवर गेली आणि दोन-तीन वर्षांत कोसळली. मग कित्येक महिने मासेमारी पूर्ण थांबवावी लागली. २००४ च्या आराखड्यात कोट्याची वाटणी ठरली: ६३ टक्के खोल समुद्रातल्या फ्रीझर ट्रॉलरना, २६ टक्के छोट्या होड्यांना, ११ टक्के किनारी बोटींना. शिवाय दरवर्षी विश्रांतीचे महिने. छोट्या होड्यांचा वाटा कागदावर नक्की करून देणं, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. आपल्याकडे पारंपरिक मच्छीमाराला मिळतं ते आश्वासन, टक्के नव्हे.

मेक्सिकोच्या युकातानमध्ये तर गळही लावत नाहीत. होडी वाऱ्यावर सोडून देतात, दोन्ही टोकांना बांबू, बांबूवरून दोऱ्या, दोऱ्यांना खेकडा बांधलेला. अष्टपाद खेकडा धरतो आणि सोडत नाही. अलगद वर ओढून घ्यायचं. अंड्यांवर बसलेली मादी खात नाही, त्यामुळे ती दोरीला लागत नाही. व्यवस्थापनाचा एवढा सुंदर नियम कुठल्याही सरकारने लिहिला नसता. हंगाम ऑगस्ट ते मध्य डिसेंबर.

२०२५ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर अष्टपादांचा सुकाळ झाला म्हणे?

झाला. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या समुद्रात इतके अष्टपाद आले की खेकडे-लॉबस्टरचे पिंजरे उघडले की आत नुसती कवचं. काही मच्छीमारांनी पिंजरे सोडून अष्टपाद विकायला सुरुवात केली, काहींचा धंदा बसला. १८९९ आणि १९५० च्या सुमारासही तिथे अशी लाट आली होती आणि ओसरली होती. त्यामुळे नवीन बोट घेण्याची घाई करू नये.

अष्टपादाची शेती केली तर समुद्रावरचा ताण कमी होईल?

स्पेनमधल्या एका कंपनीने ग्रान कनारिया बेटावर तसा प्रकल्प आखला आणि जगभर वाद पेटला. अष्टपाद मांसाहारी आहे, त्याला वाढवायला मासळी किंवा खेकडेच घालावे लागतात. म्हणजे ताण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर. शिवाय तो एकलकोंडा आहे, दाटीत एकमेकांना खातो. त्याला वेदना कळतात याचा पुरावा इतका आहे की ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात शीर्षपादांना घेतलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये अष्टपादाच्या शेतीवर बंदीच घातली. मला ही शेती नकोच वाटते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

१९७० च्या दशकाआधी आपल्याकडे माकुळाला फारसं विचारत नसत. कोळंबीच्या जाळ्यात आलं तर आलं. निर्यातीचं दार उघडलं आणि भाव आला. आता देशाची शीर्षपादांची पकड साधारण दोन लाख टनांच्या घरात असते, बहुतेक ट्रॉलमधून, आणि पश्चिम किनारा त्यात पुढे. पावसाळ्यानंतर, ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत, माकुळाचा भर असतो. माल युरोप, जपान, चीनकडे जातो. त्यामुळे सकाळी ससून डॉकवर किंवा मिरकरवाड्यात चांगलं माकूळ बर्फात बंद होऊन निघून गेलेलं असतं आणि कोळणीच्या वाट्यात उरतं ते बोटाएवढं. बोटाएवढं माकूळ विकलं जातं म्हणजे ते धरलं जातं. तिथेच आपली अडचण आहे.

जूनपासून दोन महिने पावसाळी बंदी आहे आणि तिचा उपयोग होतो. पण आपल्याकडे एकेक स्क्विड एकदाच अंडी घालत असलं तरी कोणाचं ना कोणाचं अंडी घालणं वर्षभर चालू असतं, त्यासाठी दोन महिने अपुरे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार जाहीर केला. अंमलबजावणी मात्र बंदरावर करायची तर टोपली उलटी करून मोजावी लागेल, आणि ट्रॉलमधून वर आलेलं छोटं माकूळ परत टाकलं तरी जगत नाही. आकाराचा नियम खरा लागू होतो तो जाळ्याच्या आसात, म्हणजे भोकांच्या मापात, पट्टीवर नव्हे.

नारळाच्या पोया पाण्यात सोडून कटलफिश धरतात, त्यावरून भांडण कसलं?

कटलफिशला अंडी चिकटवायला काहीतरी आधार लागतो. दक्षिणेकडचे मच्छीमार नारळाच्या पोया (फुलोरे), फांद्या, दोऱ्या यांचा झुबका दगड बांधून तळाशी सोडतात. मादी अंडी घालायला येते, मागोमाग नर येतात आणि गळाला लागतात. मोठा, वजनदार माल, तोही सहज. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हे प्रमाण वाढलं तसे स्थानिक ट्रॉलरवाले आणि बाहेरून आलेले मच्छीमार यांच्यात खटके उडू लागले, कारण झुबके ट्रॉलच्या जाळ्यात अडकतात.

शास्त्राच्या नजरेने हा प्रश्न थेट बियाण्याचा आहे: अंडी घालायला आलेलीच जनावरं काढली जातात. आणि हंगाम संपल्यावर झुबके उपसले तर त्यावरची अंडीही जातात. झुबके अंडी फुटेपर्यंत पाण्यात ठेवले आणि त्यावर मासेमारी टाळली, तर तीच वस्तू अंड्यांसाठी आसरा ठरू शकते. भांडणाच्या दोन्ही बाजू हा तिसरा उपाय क्वचितच बोलून दाखवतात.

एलईडीवर बंदी आहे, मग दिव्याने माकूळ कसं धरणार?

केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या पाण्यात एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. कोकणात आणि गोव्यात ती मागणी रास्त होती, कारण दिवे लावून पर्ससीनने, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याने, सगळा थवाच गिळला जायचा आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याच्या हाती काही उरायचं नाही. पण दिवा आणि गळ ही जोडी निराळी. गळाला एकेक माकूळ लागतं, तळ खरवडला जात नाही आणि इतर पिलावळ मरत नाही. केरळच्या विळिंजममध्ये हातगळाने कटलफिश-माकूळ धरण्याची जुनी परंपरा आहे. नियमाने उजेडाला पकडण्याऐवजी उजेडाखालच्या जाळ्याला पकडलं असतं, तर बरं झालं असतं. आता सवलत मागितली तर पर्ससीनवाले त्याच दारातून आत शिरतील ही भीती आहे, आणि ती खोटी नाही.

अरबी समुद्रात खोल पाण्यात भरपूर स्क्विड आहे म्हणतात, ते आपण का नाही पकडत?

जांभळ्या पाठीचं उडतं स्क्विड तिथे मुबलक आहे, याबद्दल आपल्या शास्त्रज्ञांचे अंदाज आशादायक आहेत. पण तेवढ्या लांब जायला बोट, शीतगृह आणि प्रशिक्षित खलाशी लागतात. आपण तयारीत असताना इतर पोचले. ओमान-येमेनच्या पुढच्या खुल्या समुद्रात २०१५ मध्ये सुमारे ३० परदेशी स्क्विड बोटी मोजल्या गेल्या होत्या, २०१९ मध्ये २७९. हिंदी महासागरात टुनासाठी आयोग आहे, पण स्क्विड त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे 'मैल २०१' ची दुसरी आवृत्ती आपल्याच शेजारी तयार होते आहे, आणि त्या टेबलावर बसायचं की नाही हे दिल्लीने ठरवायचं आहे.

मग बाजारात गेल्यावर काय पाहावं?

अंग चकचकीत, ठिपके ताजे, त्वचा जांभळट-पांढरी, डोळा काळाभोर. गुलाबी झालं असेल तर शिळं. पुन्हा पुन्हा बोटाएवढं माकूळ स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. थोडं महाग, तळहाताएवढं घ्या. अंड्यांनी फुगलेली मादी टाळा. गळाचं आहे की ट्रॉलचं, हे एकदा विचारा. कोळीण हसेल, पण बहुतेक वेळा तिला उत्तर ठाऊक असतं. आणि रिंग्ज तळताना दोन मिनिटांच्या वर ठेवू नका, रबर होतं.